वाचनालयाच्या भिंतीसाठी १४ फोटो: प्रिंटच्या तयारीच्या नोंदी

११ जानेवारी, रविवार

वाचनालयाची नवीन खोली तयार झाली, रंगकामही उरकलं, आणि दारासमोरची लांब भिंत मोकळी आहे, टेप लावून मोजली तर १८ फूट भरली. कमिटीत ठरलं की तिथं गावाचे आणि आपल्या पुरंदर तालुक्याचे फोटो लावायचे, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, तेव्हा सगळं गाव येईल, त्याच्या आत भिंत लागली पाहिजे. माझ्याकडं कॅमेरा आहे म्हणून काम माझ्याकडं आलं. पण चांगला फोटो काढणं वेगळं आणि तो कागदावर चांगला उतरवणं वेगळं, हे मी बाबांच्या सत्तरीला शिकलोय. तेव्हा घाईघाईत मोठा फोटो करून आणला आणि चेहरा पार फाटलेला आला. बाबा काही बोलले नाहीत, पण तो फोटो कधी भिंतीवर गेला नाही. ह्या वेळी प्रत्येक पायरी लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणाला करायचं झालं तर सुरुवातीपासून धडपडायला नको.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला घरोघरी जायचंच होतं, तेव्हाच फोटो मागून घेतले. संध्याकाळपर्यंत ४०-४५ आले, त्यातले निम्मे व्हॉट्सॲपवर. आणि तिथंच पहिली अडचण. चुलतभावानं सोमवती अमावस्येला कऱ्हा नदीवर खंडोबाची पालखी स्नानाला आली तेव्हाचा फोटो पाठवला, मोबाइलवर बघायला एकदम झकास, पीसीवर उघडला तर १६०० बाय १२०० पिक्सल. व्हॉट्सॲप नेहमीसारखा फोटो पाठवला की दाबून बारीक करतं. १२×१८ इंचाला हा लावला असता तर एका इंचात जेमतेम ८९ पिक्सल, म्हणजे फाटणारच. त्याला फोन केला, म्हटलं गॅलरीतून पाठवू नको, अटॅचमधे डॉक्युमेंट निवड आणि तिथून तीच फाइल पाठव. पाच मिनिटांत आली, ४०३२ बाय ३०२४. तोच फोटो, पण आता भंडाऱ्यानं माखलेल्या माणसाच्या भुवयांचे केस मोजता येतात. मग सगळ्यांनाच तसा मेसेज टाकला. निम्म्यांनी परत पाठवले, दोघांचे फोन बदललेत त्यामुळं मूळ फाइल गेली, एक जण म्हणाला एवढा काय फरक पडतो, त्याला उद्या घरी बोलवून दोन्ही शेजारी लावून दाखवणार.

१८ जानेवारी, रविवार

एक्सेलमधे वही केली. फाइलचं नाव, कुणाकडून आली, लांबी-रुंदी पिक्सलमधे, ३०० नं भागलं तर (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सल धरले तर) किती इंच, २०० नं भागलं तर किती इंच. बस, एवढं केलं की निम्मे वाद मिटतात. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४०००, ३०० नं भागला की २०×१३ इंच आणि वर थोडं. मोबाइलचा ४०३२ बाय ३०२४, म्हणजे साधारण १३×१०. ह्याच्याहून मोठं करता येतं, पण मग इंचात पिक्सल कमी होत जातात आणि किती कमी चालतील ते फोटोवर आणि बघणाऱ्यावर ठरतं.

गावातल्या फ्लेक्सचं काम करणाऱ्या दादाला वही दाखवली तर तो म्हणाला तुझ्या फायली ७२ च्या आहेत, त्या ३०० करून आण. हा गैरसमज इतका पसरलाय की नीट लिहितो. ७२ किंवा ३०० ही फाइलला लावलेली नुसती चिठ्ठी असते, फोटोत खरोखर काय आहे ते पिक्सलच्या आकड्यात असतं. ६००० पिक्सल ७२ नं भागले की ८३ इंच होतात, ३०० नं भागले की २० इंच, पिक्सल तेवढेच राहिले, नुसता भागाकार बदलला. गिम्प ह्या फोटोच्या सॉफ्टवेअरमधे ह्याला दोन वेगळे पर्याय आहेत, प्रिंट साइजमधे फक्त चिठ्ठी बदलते आणि स्केल इमेजमधे खरोखर पिक्सल वाढतात किंवा कमी होतात. फोटोशॉपमधे रीसॅम्पलची टिक काढली की चिठ्ठी, टिक ठेवली की पिक्सल. आणि ७२ चा ३०० करताना ती टिक चुकून राहिली तर फाइल चारपटीहून जास्त लांब-रुंद होते, वजन वाढतं, लॅबवाल्याला वाटतं वा काय मोठी फाइल आहे, आणि आत सगळा फुगवलेला माल. दादाला त्याच्याच पीसीवर करून दाखवलं, त्याला पटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

जुने फोटो स्कॅन केले. सगळ्यात मोलाचा म्हणजे १९६८ सालचा शाळेचा ग्रुप फोटो, गुरुजी मधे बसलेत आणि भोवती ३८ पोरं, टोप्या घातलेली, पुढची रांग मातीत मांडी घालून. हा फोटो आधी मुंबईहून व्हॉट्सॲपवर आला होता, कुणीतरी भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलनं काढलेला, ट्यूबलाइटची पांढरी पट्टी बरोब्बर गुरुजींच्या तोंडावर. मी म्हटलं असला नको, फोटोच द्या, मी स्वतः घेऊन येतो आणि स्वतः परत आणून देतो. मागच्या रविवारी जाऊन आणला, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून.

साडेसहा बाय साडेचार इंचाचा आहे. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३९०० बाय २७००. १२०० ला पण करून बघितला, फाइल चारपट झाली आणि चेहऱ्यांमधे काडीचं जास्त दिसेना, फक्त कागदाचा पोत मोठा दिसायला लागला, म्हणून ६०० वरच थांबलो. काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करायचा, हे एका जुन्या फोटोग्राफर काकांनी सांगितलं होतं आणि आज त्याचं कारण डोळ्यानं बघितलं. फोटोवर चहासारखे पिवळे डाग आहेत. फोटोतले लाल, हिरवा, निळा असे तीन रंगांचे थर, म्हणजे चॅनल, वेगळे करून बघितले तर निळ्या चॅनलमधे डाग काळेकुट्ट, हिरव्यात मध्यम आणि लालमधे जवळजवळ नाहीतच. लाल चॅनल उचलला, त्याचा काळापांढरा केला, डाग पुसायचं दोन दिवसांचं काम अर्ध्या तासावर आलं. राहिलेली भेग आणि ठिपके क्लोन टूलनं काढले, पण चेहऱ्यांना हात लावला नाही, एका पोराच्या गालावर ओरखडा आहे तो तसाच ठेवला, कारण तिथं भरायचं काय ते मला माहीत नाही.

अजून एक, यात्रेतला कुस्त्यांचा फोटो, तो काचेला चिकटलाय. पावसाळ्यात ओल धरली की असं होतं. काढायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, ओढला तर फोटोचा वरचा थरच काचेवर राहतो. तो काचेसकट खिडकीजवळ टेबलावर ठेवला, एका बाजूनं तिरपा उजेड, कॅमेऱ्यामागं काळी चादर धरायला भाच्याला उभं केलं म्हणजे काचेत आपली सावली आणि मागची भिंत दिसत नाही, ट्रायपॉडवरून काढला. चांगला आला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झाल्यावर खोलीत गेलो आणि माणसं फोटोपासून किती लांब उभी राहणार ते बघितलं. भिंतीपुढं वाचायचं लांब बाकडं येणार आहे, तिथून फोटो ४ फुटांवर. नेहमीच्या नजरेच्या माणसाला एका अंतरावरून किती बारीक दिसतं त्याचा ढोबळ हिशोब असा, ३४३८ ला इंचातल्या अंतरानं भागायचं, येईल तेवढे पिक्सल एका इंचात पुरतात. हातात धरून १२ इंचावरून बघितलं तर २८६, म्हणूनच तो ३०० चा आकडा सगळीकडं चालतो. ४८ इंचावरून ७२ च येतात. म्हणजे नुसत्या हिशोबानं बघितलं तर मोठमोठे प्रिंट बिनधास्त काढता येतात.

पण हा हिशोब मला पुरता पटत नाही. दिवे घाटात पालखी चढतानाचा लांबलचक फोटो माणसं मागं सरकून बघतील, तिथं ठीक आहे. शाळेचा ग्रुप फोटो मात्र कुणीच ४ फुटांवरून बघणार नाही. आपला बाप, आपला चुलता शोधायला माणसं नाक लावून बघणार, बोट ठेवून रांग मोजणार. त्यामुळं मी नियम असा केला: ज्यात गावातल्या माणसांचे चेहरे आहेत तो २४० च्या खाली न्यायचा नाही, डोंगर-शेताचा असेल तर १८० पर्यंत चालेल. त्या हिशोबानं ग्रुप फोटो १६×११ इंच बसला, २४४ पडतात. कमिटीतल्या एका काकांना तो ३ फुटी पाहिजे होता. त्यांना समजावलं की तेवढा केला तर फोटो मोठा होईल पण इंचात १०८ च पिक्सल पडतील, आणि नाक लावून बघितलं की चेहरे मऊ दिसतील.

दिवे घाटाचा मी तीन फ्रेम जोडून केलाय, कापून ११,१०० बाय ३,७०० राहिला, तो ४८×१६ इंच, २३१ पिक्सल. भिंतीच्या मधोमध तोच.

३१ जानेवारी, शनिवार

मापं आणि कापाकापी. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, तो ४×६, ८×१२, १२×१८, २०×३० ला न कापता बसतो. मोबाइलचा ४:३. फ्रेमवाल्यांकडं तयार माप १२×१८ चं. मोबाइलचा फोटो १२×१८ त बसवायचा तर ३०२४ मधले ३३६ पिक्सल वरखाली कापावे लागतात, ऐकायला थोडं वाटतं. पण पालखीच्या फोटोत वरच्या टोकाला काठीचा शेंडा आणि त्याचं लाल-पिवळं फडकं आहे, आणि खाली पाण्यात उतरलेल्या माणसांचे पाय. काय कापणार? काठीचा शेंडा कापला तर गावातला एकही माणूस तो फोटो चांगला म्हणणार नाही. तासभर खालीवर सरकवत बसलो आणि शेवटी न कापताच १२×१६ ठेवला, कागद १२×१८ चाच, दोन्ही बाजूंना एकेक इंच पांढरी किनार. २५२ पिक्सल पडतात, माझ्या नियमात बसतं.

८×१० आणि १६×२० ह्या मापांपासून जपून राहायचं, ते ५:४ आहेत, ६००० लांबीतले १००० पिक्सल जातात, म्हणजे सहावा हिस्सा फोटो. लॅबला नुसतं "१६×२० काढा" म्हटलं की काय कापायचं ते मशीन ठरवतं आणि मशीनला काठी काय कळणार. कापायचं तर आपणच कापून द्यायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा पूर्ण दिवस एकाच फोटोवर गेला, जेजुरी गडावर भंडारा उधळतानाचा. स्क्रीनवर पिवळाधमक, डोळ्याचं पारणं फिटावं असा, आणि तिथंच घोटाळा. जवळ जाऊन बघितलं तर भंडाऱ्याचा ढग म्हणजे नुसता पिवळा ठप्पा, त्यात ढगासारखं काही नाहीच. हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ किती पिक्सल आहेत ते दाखवणारा आलेख, उघडला. लाल चॅनल उजव्या भिंतीला चिकटलेला, २५५, म्हणजे कमाल. निळा डाव्या भिंतीला, शून्य. म्हणजे सगळा पोत एकट्या हिरव्या चॅनलवर उभा. हळदीचा पिवळा, शेंदूर, गुलाल, झेंडूचा केशरी, आपल्याकडच्या यात्रांचे हे सगळे रंग इतके कडक असतात की साध्या एसआरजीबीत (स्क्रीन आणि लॅब नेहमी धरतात त्या रंगांच्या हद्दीत) मावत नाहीत, आणि कागदावरही सगळे मावत नाहीत.

नशीब रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, होती. डार्कटेबल ह्या सॉफ्टवेअरमधे पहिल्यापासून केला, एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, फक्त पिवळ्याचं सॅचुरेशन कमी, लाल २४५ च्या आत येईपर्यंत. स्क्रीनवर आधीपेक्षा मवाळ दिसतो, आणि आमच्या हिला दाखवला तर ती म्हणाली आधीचाच छान होता. मग तिला १०० टक्के झूम करून दाखवलं, आता ढगात दाट-विरळ दिसतं, मूठ सोडली तिथं दाट, वर वाऱ्यावर गेलाय तिथं धुरासारखा, आणि मागच्या दीपमाळेचे दगड त्यातून दिसतात. लॅबनं त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (कुठला रंग कसा उतरतो त्याची फाइल) दिलंय, ते लावून सॉफ्ट प्रूफ बघितलं, कागदावर काय मावणार आणि काय नाही ते आधीच कळतं. पिवळा अजून एक घर खाली आणला. आता बरोबर वाटतोय.

८ फेब्रुवारी, रविवार

टेस्ट प्रिंट आले आणि तिन्ही गोष्टी चुकल्या होत्या. हे आधी छोट्या कागदावर कळलं म्हणून बरं, सगळे १४ एकदम दिले असते तर पैसे पाण्यात.

पहिली गोष्ट, प्रिंट काळपट. ही चूक लॅबची नाही, माझ्या मॉनिटरची. ब्राइटनेस शंभर टक्के ठेवून बसलो होतो, स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. आता टेबलावर कोरा पांढरा कागद ठेवला, खोलीत असेल तेवढाच उजेड, आणि स्क्रीनवरची कोरी पांढरी खिडकी त्या कागदाइतकी दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. पार पस्तिसावर आला. त्या मॉनिटरवर फोटो बघितले तर तेही प्रिंटसारखेच काळपट दिसले, म्हणजे आता दोघांचं जमलं.

दुसरी, अंजिराच्या बागेचा फोटो मेलेला, पानं राखाडी. कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर (रंगांची जास्त मोठी हद्द) होता आणि लॅबचं मशीन येईल ती फाइल एसआरजीबी धरतं. इथं प्रोफाइल असाइन करायचं नाही, कन्व्हर्ट करायचं. असाइन म्हणजे आकडे तेच ठेवून नाव बदलायचं, रंग घसरतात, कन्व्हर्ट म्हणजे रंग तोच ठेवून आकडे बदलायचे. आता सगळ्या १४ फायली एसआरजीबीत करून ठेवल्या.

तिसरी गोष्ट लॅबची. कडा कापल्या गेल्या, आणि भंडाऱ्याचा फोटो मी मुद्दाम मवाळ केलेला तो परत भडक आला. विचारलं तर कळलं की मशीनमधे ऑटो करेक्शन चालू होतं आणि बॉर्डरलेसला ते चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर खातंच. लॅबमधला पोरगा चांगला आहे, त्याला दोष देत नाही, रोज शे-दोनशे फोटो मोबाइलचेच येतात त्याला ऑटोच लागतं. ह्यापुढं पाकिटावर आणि फोल्डरच्या नावातही लिहून देणार: करेक्शन बंद, रिसाइज बंद. आणि कडेचं महत्त्वाचं काही असेल तर पाव इंच आत.

टेस्टची पद्धत पण बदलली. आख्खे फोटो छोटे करून टेस्ट काढायचे नाहीत, त्यातून काहीच कळत नाही. एका ८×१२ च्या कागदावर सहा फोटोंचे तुकडे, प्रत्येक तुकडा शेवटच्या मोठ्या मापाला जसा दिसेल तसाच, चेहरा, काठी, भंडारा, पानं. एका कागदात सहा फोटोंची परीक्षा होते. आणि तो कागद घरी नाही, वाचनालयात, त्याच भिंतीवर, ट्यूब लावून आणि खिडकीच्या उजेडात असा दोनदा बघायचा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आक्कांच्या फोटोचं लिहायचं राहिलं होतं. वाचनालयाचं पहिलं कपाट ज्यांच्या ओसरीवर होतं त्या आक्का. त्यांचा एकुलता एक चांगला फोटो नातवाच्या मोबाइलमधला, तो मोबाइल पाण्यात गेला, उरला तो व्हॉट्सॲपवर फिरलेला ७२० बाय ९६०. सगळ्यांचं म्हणणं त्यांचा फोटो सगळ्यात मोठा पाहिजे, आणि मलाही तसंच वाटत होतं.

एआयनं मोठं करणारं एक टूल वापरलं. चौपट, २८८० बाय ३८४०. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, इतका स्वच्छ. प्रिंट काढायच्या आधी आक्कांच्या मुलीला, आमच्या थोरल्या आत्याला दाखवायला नेला. आत्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाई छान आहे रे, पण ही आमची आक्का नव्हे." मी म्हटलं आत्या नीट बघा, तोच फोटो आहे. त्यांनी कपाळावर बोट ठेवलं, "गोंदण कुठाय?" मूळ फोटो शेजारी उघडला. कपाळाच्या मधोमध हिरवट ठिपक्यांचं गोंदण होतं, दाबून दाबून पुसट झालेलं, आणि त्या टूलनं ते डाग समजून पुसून टाकलं होतं. मग एकेक दिसायला लागलं. कानातल्या कुड्या होत्या तिथं गोल मणी. डोळ्यांना पापण्यांचे केस, आक्कांच्या त्या वयात नव्हतेच म्हणे. खालच्या ओठाजवळची आत ओढलेली घडी, दात पडल्यावर येते ती, भरून सपाट केलेली.

ती फाइल मी डिलीट केली. अशी टूलं वाईट असं माझं म्हणणं नाही, झाडाची पानं, दगड, आभाळ ह्यांना चालत असतील, पण चेहऱ्यात जे नाही ते भरायचा हक्क मला नाही आणि त्या टूललाही नाही. माझा २४० चा नियम ह्या एकाच फोटोपुरता सोडून मूळ फोटो २०० नं काढला तर ३.६ बाय ४.८ इंच होतो, तळहाताएवढा. तेवढाच करायचा. भोवती रुंद माउंट (फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा), फ्रेम १०×१२. आत्यांना तसा करून दाखवला, त्यांनी तो हातात घेतला आणि परत देईनात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फायनल रिसाइज. क्रम लिहून ठेवतो कारण क्रम चुकला की वाट लागते. आधी रंग-उजेड सगळं करून १६ बिट टिफ फाइलमधे (ती सेव्ह करताना खराब होत नाही) मास्टर ठेवायचा, त्याला परत हात लावायचा नाही. त्याची कॉपी घ्यायची, कापायची, मग मापाला आणायची, मग शार्प (कडा जरा ठळक करायच्या), मग एसआरजीबी, आणि सगळ्यात शेवटी एकदाच जेपेग, क्वालिटी ९५. जेपेग उघडून परत परत सेव्ह केला की दर वेळी थोडा थोडा खराब होतो.

कॅमेऱ्याचे १२×१८ वाले ६००० वरून ५४०० बाय ३६०० वर आणले. एवढ्याशा फरकासाठी कशाला असं वाटेल, पण आपण नाही केलं तर लॅबचं मशीन करतं, आणि मग आपण केलेलं शार्पनिंग त्याच्या आधीचं ठरतं. शार्पनिंग नेहमी शेवटच्या मापावर. अनशार्प मास्क, रेडियस १, अमाउंट ०.६ च्या आसपास, स्क्रीनवर १०० टक्क्यावर किंचित करकरीत वाटलं पाहिजे, कागदावर गेल्यावर ते बसतं. मॅट कागदाला जरा जास्त लागतं कारण शाई पसरते. ग्रुप फोटोला अगदी कमी दिलं, नाहीतर स्कॅनमधले कण उठून दिसतात आणि पोरांना देवी आल्यासारखं वाटतं.

नावं अशी: ०३_सोमवती_१२x१८_किनारीसह_करेक्शनबंद. पेनड्राइव्हवर दिल्या. लॅबवाल्यानं व्हॉट्सॲप करा म्हटलं होतं, मी म्हटलं नाही, गाडी काढून येतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंतीची सुट्टी, दुपारी तासभर कागद ठरवायला खोलीत बसलो. पश्चिमेच्या खिडकीतून साडेतीनला ऊन सरळ भिंतीवर. ग्लॉसीचा तुकडा लावला तर आरसाच, फोटोऐवजी खिडकी दिसते. मॅटवर चकाकी अजिबात नाही, पण काळा रंग करडा पडतो. लस्टर मधला, बारीक दाणा असतो, काळा चांगला धरतो. बारा फोटो लस्टर. दिवे घाटाचा पॅनोरमा आणि ग्रुप फोटो पिगमेंट शाईवर, जाड मॅट कागदावर, ते पुण्यातून होणार, २४ इंची रोलवर १६ इंच उंची आरामात बसते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फ्रेमवाल्या काकांना दोनच गोष्टी सांगितल्या. फोटो काचेला टेकता कामा नये, मधे माउंट पाहिजेच, तो काचेला चिकटलेला कुस्त्यांचा फोटो त्यांना नेऊन दाखवला तेव्हा त्यांना एकदम कळलं. आणि मागून चारी कोपऱ्यांना रबराचे बुडखे, म्हणजे फ्रेम आणि भिंत ह्यात हवा खेळेल, आपल्याकडं जुलैत भिंतीला ओल सुटते. खर्च थोडा वाढला, कमिटीनं मंजूर केला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री अकरापर्यंत लावले. फोटोचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर धरला, ग्रुप फोटो मात्र चार इंच खाली, कारण बघणारी बरीच माणसं सत्तरीच्या पुढची आहेत आणि वर मान करून बघायला त्यांना त्रास होतो. ६ आणि ११ नंबरच्या फोटोंची अदलाबदल केली, ६ वर दुपारचं ऊन येत होतं. भंडाऱ्याचा फोटो ट्यूबखाली थोडा थंड वाटतो, तिथली ट्यूब बदलून पिवळसर घेणार.

१ मार्च, रविवार

परवा गर्दी झाली. ग्रुप फोटोसमोर जी माणसं उभी राहिली ती हलेचनात. बोट ठेवून ठेवून काचेवर ठसे उठलेत, रोज पुसावी लागणार. आमच्याकडं ३८ पैकी २० जणांची नावं होती, कार्यक्रमाच्या दिवशी ९ अजून मिळाली, एक आजोबा स्वतःच तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरे निघाले आणि त्यांनी शेजारच्या चौघांची सांगितली. त्याच फाइलवरून चेहऱ्यांना नंबर घातलेला ८×१२ चा एक कागद काढतोय, खाली नावांची यादी, तो फोटोशेजारी लटकवायचा. उरलेल्या ९ जणांसाठी नंबरवाली फाइल मुंबईच्या त्या घरी पाठवलीय, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे त्यांना झूम करून चेहरे नीट बघता येतील. मूळ फोटो पुठ्ठ्यात घालून तयार ठेवलाय, पुढच्या रविवारी परत नेऊन देणार.